भिंतीकडचा हात

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात माझं काम सरळ आहे. पेशंट घरी गेला किंवा दगावला, की त्याची फाइल माझ्या टेबलावर येते. डॉक्टरांनी जे काही गिरगटून ठेवलेलं असतं ते वाचायचं, त्याला ठरलेला क्रमांक द्यायचा आणि संगणकात भरायचं. ‘हेमिप्लेजिया’ हा शब्द मी दिवसातून चार-पाचदा तरी टाइप करते. हात अडखळत नाही. मराठी दाखल्यावर तोच ‘पक्षाघात’ होतो. वैद्यांकडून आलेल्या जुन्या कागदांवर ‘अर्धांगवायू’ असतो. खिडकीशी उभा असलेला मुलगा विचारतो, “मॅडम, वडलांच्या लकव्याचा दाखला झाला का?” आणि त्याच्यामागची खेडकडची बाई सांगते, “आमच्या मालकांवरनं वारं गेलं बघा.” क्रमांक सगळ्यांना एकच. पण शब्द एक नसतात, आणि प्रत्येक शब्द घरातल्या माणसांना वेगळं काहीतरी करायला लावतो. एक शब्द खिडक्या बंद करायला लावतो, दुसरा पारवे धरायला लावतो. हे मला नोकरीनं शिकवलं नाही. आमच्याच घरात शिकले, दहावीच्या वर्षी.

आमचं घर चाकणच्या अलीकडे, आळंदीच्या वाटेवर होतं. विटांच्या तीन खोल्या, वर पत्रा, मागं कांद्याचं वावर आणि पुढं भाड्यानं दिलेल्या दोन खोल्या. आता तिथं गोदामं आहेत आणि कंटेनर वळवायला जागा पुरत नाही. तेव्हा पलीकडच्या प्लॉटवर पत्र्याची एकच शेड उभी राहिली होती. तिच्यात पत्र्याचे भाग ठोकून काढणारा एक जुना पॉवर प्रेस होता. तो सुरू झाला की आवाज कानाआधी पायाला कळायचा. जमीन हलकेच दबायची, ताकातल्या रवीला कंप सुटायचा, मांडणीवरचे पेले एकमेकांना टेकायचे. आई म्हणायची, “आला बघा जावई.” आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्या आवाजाचं काही वाटत नसे. ते भोसरीच्या एका कंपनीत प्रेसवरच होते. आधी ऑपरेटर, मग सेटर. मशीनमध्ये साचा बसवायचा, पहिला माल काढून बघायचा आणि मग ऑपरेटरच्या हवाली करायचा, हे सेटरचं काम. घरातही त्यांची सवय तीच होती. कढईला कान लावून तेल तापलंय की नाही ते सांगायचे.

त्या दिवशी आबांची दुसरी शिफ्ट होती. सकाळी उशिरा मोरीत अंघोळ करून ते बाहेर आले तेव्हा मी दारात बसून कांद्याची पात निवडत होते. ते माझ्या समोरून गेले आणि मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. मग दिसलं. ते अर्धे ओले होते. डोक्याच्या उजव्या बाजूचे केस चप्प बसलेले, डावे कोरडे आणि उभे. उजव्या खांद्यावरून पाणी निथळतंय, डाव्या खांद्यावर साध्या घामाची ओलसुद्धा नाही. मधोमध सुतार रेघ मारतो तशी रेघ. सदरा घालताना त्यांनी उजवा हात बाहीत घातला, बटणं लावली आणि डावी बाही पाठीवर तशीच लोंबत सोडली. आई हसली. म्हणाली, “अवो, अर्धं मानूस चाललंय व्हय कामाला?” आबाही हसले, तेही अर्धंच हसले. मग ते भिंतीला टेकले आणि टेकल्याटेकल्या खाली घसरत गेले, गोणी घसरावी तसे. पडले तरी म्हणत होते, “कुनी धक्का दिला?”

दहा दिवस रुग्णालयात गेले. जीव वाचला, डावी बाजू गेली. घरी आणलं त्या दिवशी माझी आत्या, आबांची थोरली बहीण, चऱ्होलीहून येऊन ओट्यावर बसलेली होती. तिनं आबांचा डावा हात उचलला, सोडला, तो पडला. म्हणाली, “वारं गेलं अंगावरनं. आता वाऱ्याची झुळूक लागू द्यायची न्हाई, न्हाईतर दुसरी बाजूबी घेऊन जाईल.” आत्या अडाणी नव्हती, दूध संस्थेत ती माप घ्यायची आणि तिला कुणी फसवू शकत नसे. पण शब्द वाऱ्याचा होता, म्हणून उपायही वाऱ्याचाच. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, कुठल्याशा कंपनीच्या भंगारातून पॅकिंगचा फोम आणला आणि मधल्या खोलीत पत्रा आणि भिंत यांच्यातली फट बुजवली. खिडकीवर खोक्याच्या फळ्या ठोकल्या. पंखा काढून माळ्यावर टाकला. छपरात एक पांढरा फायबरचा पत्रा होता, तेवढाच उजेड. दुपारी तो दुधात पाणी घातल्यासारखा दिसायचा. आणि खाट अशी लावली की आबांची डावी बाजू भिंतीला लागावी, कारण दाराकडून वारं आलंच तर आधी गेलेल्या बाजूनं आत शिरू नये. आम्ही सगळे उजवीकडून जायचो, उजवीकडून भरवायचो, उजवीकडून बोलायचो. चूक तिथंच झाली. ती पुढं कळली.

ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. मी स्वप्नांना महत्त्व देत नाही, पण दिसते. आत फोमचा, तेलाचा आणि हुलग्याच्या माडग्याचा वास कोंडलेला. हुलगा उष्ण, वायूला मारतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ त्याच्या पिठाचं पातळ, कढत माडगं. आबा नीट बोलायचे, जीभ थोडी जड होती एवढंच. माणसं ओळखायचे, रविवारी रविवार म्हणायचे. पण भाकरी दिली की बरोबर उजवी अर्धी खायचे आणि ताट सरकवायचे. डावी अर्धी तशीच, कडेला दातांची नक्षी. “आज चटनी न्हाई केली?” रोज विचारायचे. चटणी ताटात डावीकडे असायची. पहिले काही दिवस आई रडली, मग तिनं शोध लावला. ती न बोलता ताट अर्धं फिरवायची. आबा खूश व्हायचे. “हां, ही आत्ता आनली व्हय?” डाव्या बाजूला त्यांच्यासाठी काही उरलंच नव्हतं, भिंत नव्हती, चटणी नव्हती, स्वतःचं अंगही नव्हतं.

पुढच्या भाड्याच्या खोलीत बीडकडचे एक गवंडी राहायचे. ते आबांना बघून गेले आणि आईला म्हणाले, “हे वारं-बिरं काय नाही ओ ताई. लकवा हाय. लकव्याला पारव्याचं रगत चोळावं लागतंय, गरम गरम.” झालं, नवा शब्द आला, नवा उपाय आला. दादानं शेडच्या आढ्यावरून दोन पारवे धरून आणले. आत्यानं माना कापल्या, मी वाटी धरली. मला त्याचं काही वाटलं नाही, आमच्याकडे कोंबड्या कापतात तेव्हाही वाटी मीच धरायचे. वाटलं ते पुढं. आत्या आबांच्या डाव्या दंडावर रक्त चोळत होती, खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि आबा छपराकडे बघत अगदी सहज म्हणाले, “कुनाला न्हाऊ घालताय?” आत्याचा हात थांबला. मग तिनं घाईनं चोळून संपवलं आणि हात नीट न धुताच चऱ्होलीची गाडी धरली.

त्याच आठवड्यात मी ते बघितलं. दुपारची वेळ, पलीकडचा प्रेस बंद, आई वावरात. मी खाटेपाशी भूमितीचं पुस्तक घेऊन बसले होते. आबांना जांभई आली. मोठी, लांब जांभई. आणि तोंड उघडत गेलं तसा भिंतीकडचा तो मेलेला हात पांघरुणाखालून वर आला. हळूच. कोपरातून वाकला, छातीपर्यंत आला, बोटं जराशी उघडली. जांभई संपली तसा तो खाली बसला. आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. आमच्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना मी हे बऱ्याच वर्षांनी विचारलं. त्या म्हणाल्या, हे होतं, ठाऊक आहे; जांभईचा हुकूम मेंदूतून दुसऱ्या वाटेनं येतो. मला पटलं. पण तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. मी भूमितीचं पुस्तक मिटलं, बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि आई येईपर्यंत आत गेले नाही.

मग आबांना बघायला चाकणहून एक डॉक्टर पहिल्यांदाच घरी आले. रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेला ‘पक्षाघात’ हा शब्द मी त्यांना ओट्यावरच विचारला. ते समजावून सांगणारे होते. म्हणाले, पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे मार. एका बाजूला बसलेला मार. आणि आम्ही कॉलेजात जो ग्रीक शब्द शिकलो, त्यातही अर्धं अंग आणि फटका हेच दोन तुकडे आहेत. मला ते फार विचित्र वाटलं. इतक्या लांबच्या माणसांनीही तेच म्हणावं? (पुढं मला एका युनानी हकिमांकडून कळलं की त्यांच्याकडे लकवा हा मुळात फक्त तोंड वाकडं होण्याला म्हणतात, अर्ध्या अंगाला ‘फालिज’ म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी मधोमध चिरणं आहे. म्हणजे अर्धे ओले, अर्धे कोरडे आबा मी एकटीनंच पाहिले नव्हते.) तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, “मार बसला म्हणता, तर मारलं कुणी?” ते हसले. “कुणी नाही गं. रक्ताची गाठ अडकली.” त्या दिवशी पुन्हा आलेली आत्या मात्र हसली नाही. “मारनारा असल्याबिगर मार बसतो व्हय?” ती म्हणाली, आणि आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली. ते मी टिपून ठेवलं.

मग डॉक्टरांनी खोली बघितली. फोम, फळ्या, भिंतीला लावलेली डावी बाजू. ते जवळजवळ ओरडलेच. “वाऱ्यानं काही होत नाही! तुम्ही या माणसाची अर्धी दुनिया भिंतीला लावून ठेवलीय. खाट फिरवा. डाव्या बाजूनं जा, डाव्या बाजूनं बोला, तो हात त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवा. त्यांना कळू दे तो त्यांचा आहे.” दादानं आणि मी खाट फिरवली. आईनं डावा हात उचलून आबांच्या छातीवर ठेवला, आरतीचं ताट ठेवावं तसा.

आबांनी मान वळवली. कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यो कुनाचा?”

“तुमचाच की,” आई म्हणाली.

“माझा न्हाई. माझा एवढा गार नसतो.” उजव्या हातानं त्यांनी त्या बोटांना चाचपलं. साचा तपासताना ते कडा चाचपायचे तसं. आणि मग चेहरा एकदम ओळख पटल्यासारखा झाला. “ह्यो सोपानचा हात हाय. माझ्याकडं राह्यला.”

सोपानकाका म्हणजे आबांचे कंपनीतले सोबती. आमच्याच शिवेवरच्या वस्तीतले. वर्षभरापूर्वी प्रेसखाली त्यांचा डावा हात मनगटापासून गेला होता. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भार खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की मध्ये सापडत नाहीत, असा हिशेब. पण माल कमी पडायला लागला की एक बटण पट्टीचा तुकडा खोचून कायमचं दाबून ठेवतात. मग उजवा हात बटणावर, डाव्यानं माल आत सरकवायचा, काम दुपटीनं. सगळ्या शेडांमध्ये चालतं आणि कुठल्याच कागदावर नसतं. चौकशीत लिहिलं गेलं की पट्टी सोपाननं स्वतःच खोचली होती. खाली साक्षीदार म्हणून आबांची सही. सोपानकाकांना कामावरून काढलं. आता ते वजनकाट्यावर ट्रकचे नंबर लिहायचे आणि सदऱ्याची डावी बाही पिनेनं दुमडून ठेवायचे.

“पट्टी म्या घातली व्हती,” आबा छपराकडे बघत सांगत होते, चटणी मागावी इतक्या सहज. “माल कमी व्हता. सोपाना म्हनत व्हता, किसनभाऊ, नको. म्या म्हनलं, घाल हात, काय व्हत न्हाई. हात माझ्याकडं राह्यला. त्याला सांगा, घेऊन जा म्हनावं.”

दादानं मला बाहेर ढकललं, पण दार बंद व्हायच्या आत मी आईचा आवाज ऐकला: “खाट फिरव. पहिल्यासारखी भिंतीला लाव.” ती इतकी का घाबरली ते मला त्याच दिवशी कळलं. आबा कामाला कायमचे निकामी ठरले तर त्यांच्या जागी दादाला घ्यायचं कंपनीनं कबूल केलं होतं. कागद वर गेले होते. दादा बारावी नापास, दोन वर्षं रिकामा, आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. आबांचं हे बोलणं बाहेर गेलं तर नोकरी गेली. त्या दिवसापासून फोम पुन्हा घट्ट बसवला गेला. कुणी बघायला आलं की आई दारात आडवी उभी राहायची. “आत नगं, वारं लागंल.” डॉक्टरांनी वारं खोडून काढलं होतं; आईनं ते परत वापरायला काढलं, झाकणासारखं.

आत मात्र आबांचं चालूच होतं. हात पांघरुणात असला तरी त्यांना आता ठाऊक झालं होतं की तिकडे कोणीतरी आहे. “सोपाना भिंतीशी झोपलाय,” ते सांगायचे. “त्याला जरा सरकू द्या.” पलीकडचा प्रेस सुरू झाला, जमीन दबली, की ते गप्प व्हायचे आणि उजव्या हातानं त्या गार हाताला आपल्या पोटाशी ओढून घ्यायचे. पाखरानं पंखाखाली अंडं घ्यावं तसं.

सोपानकाका दोनदा आले, दोनदा ओट्यावरूनच गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा दुपार होती. आई आणि दादा कांदा काढायला वावरात, घरी मी एकटी. ते पिशवीत पेरू घेऊन उभे होते.

“रंजू, आईला सांग, मी वाऱ्यासंगं न्हाई आलो, चालत आलोय,” ते म्हणाले. “बघू दे की मला किसनभाऊला. तो माझ्या संगं पंध्रा वर्सं डबा खायचा.”

मला त्यांची दया आली म्हणून मी दार उघडलं असं नाही. मला खरं काय ते हवं होतं. तीन आठवडे मी एका माणसाचं बोलणं ऐकत होते आणि ते डोक्याचं बिघडलेपण आहे की कबुली आहे, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता. मी बाजूला झाले.

आत आल्यावर काकांनी नाकाला बाही लावली. “अगं, हवा तरी येऊ द्या मानसाला.” मग खाट जराशी ओढून ते तिच्या डावीकडे, भिंतीकडच्या चिंचोळ्या जागेत घुसले आणि कडेवर टेकले, कारण उजवीकडे माझी पुस्तकं होती. आबांना ते दिसले नाहीत. आवाज ऐकून ते उजवीकडे, माझ्याकडे बघून बोलू लागले.

“सोपाना, आलास व्हय?”

“आलो की. कसं हाय?”

“तुझा हात हाय हितं. घेऊन जा बाबा. लई गार पडतो. रातंचा मला झोपू देत न्हाई.”

काका माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. चार वाक्यांत, जसं आता फाइलवर लिहिते तसं. पट्टी, माल, ‘घाल हात’. सांगून झाल्यावर विचारलं, “खरं आहे का हे?”

त्यांनी पांघरूण बाजूला केलं, आबांचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट उघडायला लागले. बोटं आखडली होती. एक उघडलं की दुसरं मिटायचं. एका हातानं ते काम होईना. मग त्यांनी ते मनगट आपल्या थोट्या हाताखाली दाबून धरलं आणि उजव्या हातानं पाचही बोटं सरळ केली. त्या उजेडात मला क्षणभर खरंच कळेना की तो हात कोणाच्या अंगाला लागलेला आहे. काकांच्या दंडाखालून निघून तो त्यांच्याच मांडीवर पालथा पडला होता.

“ह्यो माझा न्हाई, किसनभाऊ,” ते शेवटी म्हणाले. “माझ्या अंगठ्याला डाग व्हता. पन बाकीचं समदं खरं हाय.” मग माझ्याकडे वळून: “तुला लिवता येतं ना चांगलं? लिव. पैसा नको मला. गेटवर बसवलं तरी पुरं. पन सोपाननं सोताचा हात सोताच घातला, हे पुसलं पायजे.”

मी भूमितीच्या वहीचं मधलं पान फाडलं. आबांनी सांगितलं ते तसंच्या तसं लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी उजव्या हातानं सही केली, पानाच्या अगदी उजव्या कडेला, अर्धी अक्षरं कागदाबाहेर. संध्याकाळी मी आईला आणि दादाला ते सांगितलं, कारण लपवून ठेवायचं मला जमत नाही. आईनं मला मारलं नाही. दादानं मारलं. मला ते अन्यायाचं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्याची नोकरी मी एका पानावर लिहून दिली होती.

पण तसं झालं नाही. सोपानकाका कागद घेऊन कंपनीत गेले. तिथल्या साहेबानं आबांची फाइल मागवली. वर डॉक्टरांचा दाखला होता आणि त्यावर पक्षाघात लिहिलेलं. साहेबानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. “लकवा झालेल्या माणसाचं काय धरायचं?” तो म्हणाला. “ज्याला स्वतःचा हात ओळखता येत नाही, तो दुसऱ्याच्या हाताचं काय सांगणार?” कागद परत दिला. आणि त्याच दाखल्यावर, त्याच शब्दावर, पुढच्या महिन्यात दादाला नोकरी लागली. घरात पेढे आले. काकांनी ते पान मला आणून दिलं. “ठेव तुझ्यापाशी. माझ्याकडं भिजंल.” ते माझ्याकडे आहे. त्याला द्यायला माझ्या यादीत क्रमांक नाही.

दादा कामावर जायला लागल्यावर आईनं स्वतःच फोम ओढून काढला. खिडकी उघडली, खाट फिरवली, मी रोज डावीकडे बसून आबांना पेपर वाचून दाखवायला लागले. हळूहळू ताट फिरवावं लागेना. एक दिवस मी हात धुऊन देताना त्यांनी तो माझ्याकडून ओढून घेतला आणि ओशाळून म्हणाले, “माझाच हाय गं. मला काय येड लागलंय व्हय?” आई देवापुढं दिवा लावून आली. मी विचारलं, “मग आबा, सोपानकाकांची पट्टी?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता ते दोन्ही बाजूंना बघू शकत होते. “कसली पट्टी? सोपानची चूक व्हती ती. कागदावर हाय.” मी पान दाखवलं. त्यांनी सही नीट निरखली, साचा निरखावा तशी. “ही माझी न्हाई,” म्हणाले.

ते खोटं बोलत होते की त्यांना खरंच आठवत नव्हतं, हे मी आयुष्यभर ठरवू शकले नाही. पेशंट बरा झाला की फाइल बंद होते. त्यांची मी बंद केली नाही, इतकंच.

दिवाळीनंतर सोपानकाका परत आले. आबा ओट्यावर खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर. “ये सोपाना, बस,” म्हणाले. काका त्यांच्या डाव्या बाजूला टेकले. आईनं चहा केला. कांद्याच्या भावाच्या, रस्ता रुंद होणार त्याच्या, वजनकाट्यावरच्या ट्रकवाल्यांच्या गप्पा झाल्या. काकांनी काही विचारलं नाही. आबांनी काही काढलं नाही. पलीकडे प्रेस सुरू होता आणि बशीतल्या चहावर वर्तुळं उमटत होती. मग आबांना जांभई आली. मोठी, लांब जांभई. आणि डावा हात मांडीवरून उठला, कोपरात वाकला आणि बोटं उघडत उघडत सोपानकाकांच्या बाजूला गेला, दुमडून पिन लावलेल्या बाहीपर्यंत. आबा दुसरीकडे, वावराकडे बघत होते. काकांनी बशी खाली ठेवली आणि जांभई संपेपर्यंत तो हात धरून ठेवला.